राजभवनानंतर काय?

१२ सप्टेंबर २०२५ रोजी सी. पी. राधाकृष्णन यांनी उपराष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि मलबार हिलच्या राजभवनातली खुर्ची मुदतीच्या अधेमधेच रिकामी झाली. ते महाराष्ट्रात आले होते जुलै २०२४ च्या शेवटी. म्हणजे पुरतं सव्वा वर्षही झालं नव्हतं. गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार गेला. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवते. त्या आठवड्यात मुलांनी एकच धोशा लावला होता : महाराष्ट्राचे कोणते राज्यपाल आधी काय होते आणि नंतर काय झाले, याची यादी द्या. ती यादी करत असतानाच मामा घरी आले. मामांची सगळी नोकरी मंत्रालयात गेली, त्यातली काही वर्षं राजशिष्टाचार विभागात. आमचं या विषयावर पटत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी बसलो.

मामा : यादी चांगली झालीय. पण तुझ्या चेहऱ्यावरून वाटतं, तू ती तक्रार म्हणून लिहिलीस.

मी : तक्रारच आहे. २००७ पासून देशाला चार राष्ट्रपती मिळाले. प्रतिभाताई पाटील, प्रणव मुखर्जी, रामनाथ कोविंद, द्रौपदी मुर्मू. प्रणवदा सोडले तर तिघंही आधी राज्यपाल. जगदीप धनखड कोलकात्याच्या राजभवनातून उपराष्ट्रपती झाले, त्यांच्यानंतर आलेले राधाकृष्णन आपल्या राजभवनातून. राजभवन म्हणजे वर जायचा जिना झाला, तर त्या जिन्यावर उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष विधानसभेकडे राहील की दिल्लीकडे?

मामा : तू शेवटाकडून सुरुवात करतेस. आधी यादीचा डावा रकाना वाच, राज्यपाल होण्याआधीचा. श्रीप्रकाश. फाळणीनंतर पाकिस्तानात भारताचे पहिले उच्चायुक्त. त्या दिवसांत कराचीत बसून काम करणं म्हणजे काय असेल, विचार कर. मग आसामचे राज्यपाल, केंद्रात मंत्री, मद्रासचे राज्यपाल, मुंबई राज्याचे राज्यपाल. १ मे १९६० ला यशवंतरावांना शपथ दिली ती त्यांनी. त्यांच्यानंतर सुब्बरायन. १९२६ ते ३० मद्रास इलाख्याचे मुख्यमंत्री, पुढे इंडोनेशियात राजदूत, केंद्रात दळणवळण मंत्री. आपल्याकडे जेमतेम सहा महिने होते, पदावरच वारले. मग विजयालक्ष्मी पंडित. मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन आणि १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष. त्या पदावर बसलेली जगातली पहिली बाई. सासरही मराठी. अशी माणसं राजभवनात होती म्हणून नव्या राज्याला वजन आलं.

मी : डाव्या रकान्याशी माझं भांडण नाहीच, मामा. अली यावर जंग दोन विद्यापीठांचे कुलगुरू होते, अनेक देशांत राजदूत होते. मेहरा आणि लतीफ दोघंही हवाई दलाचे प्रमुख. सी. सुब्रमण्यम यांच्याबद्दल तर मी वर्गात तासभर बोलते. देशाला धान्यासाठी जहाजांची वाट बघावी लागत होती तेव्हा ते अन्नमंत्री होते. नव्या गव्हाच्या बियाण्याला त्यांनी विरोध अंगावर घेऊन पाठिंबा दिला. पण आधी मोठं पद भूषवलं म्हणून राज्यपाल चांगला निघतो, हे मला मान्य नाही. हैदराबादचंच घ्या.

मामा : रामलाल.

मी : रामलाल. आंध्रचे राज्यपाल, हिमाचलचे माजी मुख्यमंत्री. बहुमत कसं मोजतात, ते कुठे मोजायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी १६ ऑगस्ट १९८४ ला त्यांनी एन. टी. रामाराव यांना बरखास्त केलं आणि नादेंडला भास्करराव यांना शपथ दिली. रामाराव अमेरिकेतून हृदयाची शस्त्रक्रिया करून नुकतेच परतले होते. चाकाच्या खुर्चीत बसून ते आपले आमदार घेऊन राष्ट्रपती भवनात गेले. माझे बहुमत माझ्या डोळ्यांसमोर आहे, तुम्हीही मोजा, म्हणून. माजी मुख्यमंत्र्याने दुसऱ्या मुख्यमंत्र्याला या अवस्थेला आणलं. अनुभव होता. मग तो कुठे गेला?

मामा : आणि महिन्याभरात त्याच राजभवनात कोण आलं? शंकर दयाळ शर्मा. तेही माजी मुख्यमंत्री, १९५२ ते ५६, भोपाळ राज्याचे. काँग्रेसचे माजी अध्यक्ष, केंद्रात मंत्री राहिलेले. १६ सप्टेंबरला रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. तिथून शर्मा पंजाबात, पंजाबातून १९८६ मध्ये आपल्याकडे. १९८७ मध्ये इथूनच उपराष्ट्रपती आणि पाच वर्षांनी राष्ट्रपती. तुझ्या उजव्या रकान्यातलं सर्वांत मोठं नाव. त्यांनी दिल्लीकडे बघून काम केलं असतं, तर रामाराव परत आले असते का?

मी : दिल्लीने माघार घेतल्यावर शर्मा आले, मामा. रस्ते पेटले होते, देशभरचा विरोधी पक्ष एकत्र आला होता, म्हणून रामलाल यांना हलवलं. शर्मांचा मान मी कमी करत नाही. पण त्या सप्टेंबरमध्ये दिल्लीची इच्छा आणि घटनेचं म्हणणं एकाच बाजूला होतं. कसोटी लागते ती दोन्ही विरुद्ध असतात तेव्हा.

मामा : बरं. मग दोन्ही विरुद्ध होती असं उदाहरण मी देतो. अलेक्झांडर.

इथे मामा सावरून बसले. पी. सी. अलेक्झांडर यांची कारकीर्द त्यांनी मंत्रालयातून जवळून पाहिलेली आहे आणि त्यांच्याविषयी ते कुणाचंही वावगं ऐकून घेत नाहीत. पुढचा भाग त्यांच्याच शब्दांत देणं बरं.

मामा : जानेवारी १९९३ मध्ये अलेक्झांडर आले तेव्हा मुंबई जळत होती. त्यांच्या आधीचे सुब्रमण्यम राजीनामा देऊन गेले, तेही का? पंतप्रधान नरसिंह राव यांच्या कारभाराबद्दल खासगीत जे बोलले ते छापून आलं म्हणून. अलेक्झांडर यांच्या काळात पाच मुख्यमंत्री झाले. सुधाकरराव नाईक, शरद पवार, मनोहर जोशी, नारायण राणे, विलासराव देशमुख. काँग्रेस, युती, आघाडी, सगळं पाहिलं. आधी इंदिरा गांधींचे प्रधान सचिव राहिलेला माणूस १४ मार्च १९९५ ला शिवाजी पार्कवर युतीच्या मंत्रिमंडळाला शपथ देतो आणि त्यानंतर चार वर्षं त्या सरकारच्या कामात पाय घालत नाही. १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची वैधानिक विकास मंडळं झाली. कलम ३७१ (२) प्रमाणे त्यांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर. अनुशेषाचे तक्ते समोर आले की साधा राजकारणी शेवटच्या पानावरची बेरीज बघतो. सचिव म्हणून आयुष्य काढलेला माणूस विचारतो, सिंचनाचा निधी दिला खरा, खर्च किती झाला? हा फरक मी फायलींवर बघितलाय. म्हणून म्हणतो, वरच्या पदावर काम केलेली माणसं राजभवनात हवीत.

मी : आणि आता २००२ चा जून सांगा.

मामा : तो तू सांगणारच आहेस.

मी : सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्या एका महिन्यात आहे. विलासरावांचं सरकार डळमळीत झालं. काँग्रेसचे आमदार बंगळूरजवळच्या रिसॉर्टमध्ये नेऊन ठेवले होते. कर्नाटकचे मुख्यमंत्री तेव्हा एस. एम. कृष्णा, जे अडीच वर्षांनी आपले राज्यपाल झाले, हे जाता जाता. १३ जूनला विधानसभेत विश्वासदर्शक ठराव झाला, सरकार तरलं. आता त्याच दिवसांत दिल्लीत काय चाललं होतं? राष्ट्रपतिपदासाठी वाजपेयींच्या आघाडीकडून अलेक्झांडर यांचं नाव पुढे आलं होतं आणि काँग्रेसचा त्यांना विरोध होता. म्हणजे ज्यांच्या दारात काँग्रेसच्या मुख्यमंत्र्याचं भवितव्य होतं, त्यांचं स्वतःचं भवितव्य काँग्रेसच्या विरोधकांच्या हाती.

मामा : आणि त्यांनी काय केलं? सरकार पाडलं? राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली? सभागृहात बहुमत सिद्ध करा म्हणाले. बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जे सांगितलं तेच.

मी : बरोबर केलं. मी ते मान्य करते, अगदी मनापासून. पण मामा, समजा त्या दिवशी विलासराव हरले असते. आकडे खरे असते, ठराव चोख झाला असता, तरी महाराष्ट्रातला निम्मा माणूस काय म्हणाला असता? राष्ट्रपती व्हायचं होतं म्हणून सरकार घालवलं. त्या संशयाला अलेक्झांडर यांच्याकडे उत्तर नव्हतं. असूच शकत नव्हतं. प्रामाणिक माणसालाही स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करता येऊ नये, अशी व्यवस्था आपण का चालवून घ्यायची? आणि पुढे जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लगेच महाराष्ट्रातूनच अपक्ष म्हणून राज्यसभेवर गेले. मतं कुणाची? त्याच आमदारांची.

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विषय सोडला नाही, फक्त बाजू बदलली. मला त्यांची ही गोष्ट आवडते.

मामा : म्हणजे राज्यपालाने नंतर काहीच करायचं नाही? मग बापूजी अणे यांचं काय करशील? १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी सरकार ऐकेना, तर राजीनामा फेकून बाहेर पडले. १९४८ ते ५२ बिहारचे राज्यपाल. त्यानंतर यवतमाळला घरी बसले का? नागपुरातून लोकसभेवर निवडून आले, ६२ मध्ये अपक्ष म्हणून, विदर्भाच्या मागणीवर. वय ऐंशीच्या पुढे. विजयालक्ष्मीबाईंनी १९६४ मध्ये राजभवन सोडलं आणि फुलपूरची पोटनिवडणूक लढवली, नेहरूंच्या जागेवर. या लोकांना तू घरी बसवणार?

मी : नाही. आणि इथे मला नीट फरक करायचा आहे. अणे लोकांकडे गेले. विजयालक्ष्मीबाईही लोकांकडे गेल्या. भाऊ पंतप्रधान असताना त्यांना राज्यपालपद मिळालं, याला माझी हरकत आहे, पण तो वेगळा मुद्दा. फुलपूरच्या मतदाराने त्यांना नाकारलं असतं, तर दिल्लीतल्या कुणालाही ते थांबवता आलं नसतं. जे पद मतदार देतो, त्याच्यासाठी राजभवनात बसून कुणाला खूश करता येत नाही. जे पद पंतप्रधानांच्या शब्दावर मिळतं, त्याच्यासाठी करता येतं. मला दुसऱ्या प्रकाराचं दार बंद हवं आहे.

मामा : एस. एम. कृष्णा?

मी : मधलेच. मार्च २००८ मध्ये कर्नाटकाच्या राजकारणात परत जायला त्यांनी राजभवन सोडलं, २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. आपले सुशीलकुमार शिंदे २००४ मध्ये मुख्यमंत्रिपदावरून आंध्रच्या राजभवनात गेले आणि २००६ च्या जानेवारीत केंद्रात ऊर्जामंत्री. राज्यपालपद म्हणजे दोन पदांमधली थांबायची जागा. वसंतदादांनाही १९८५ मध्ये असंच जयपूरला पाठवलं होतं.

मामा : दादांना प्रभाताई राव प्रदेशाध्यक्ष झालेल्या खपल्या नाहीत, म्हणून मुख्यमंत्रिपद सोडलं त्यांनी. आणि योगायोग बघ, पुढे प्रभाताईही जयपूरच्याच राजभवनात गेल्या. मधे प्रतिभाताई, नंतर काही काळ शिवराज पाटलांकडे कार्यभार, आता हरिभाऊ बागडे. जयपूरच्या राजभवनात मराठी माणसांची रांगच आहे.

मी : छान आठवण आहे, पण तुम्ही मुद्दा टाळताय.

मामा : टाळत नाही. तुझा रोग बरोबर आहे, निदान चुकतंय. तू म्हणतेस लोभ. मी म्हणतो भय. गणपतराव तपासे आपल्या साताऱ्याकडचे. १९८२ मध्ये हरयाणाचे राज्यपाल. देवीलालना आमदार घेऊन २४ मे ला या म्हणाले आणि २३ लाच भजनलालना शपथ दिली. त्यानंतर तपासे कुठल्या मोठ्या पदावर गेले? कुठल्याही नाही. लोभाचा हिशेब तिथे लागत नाही. हिशेब लागतो तो कलम १५६ चा. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत राज्यपाल, आणि मर्जी म्हणजे केंद्र सरकारची. मी शपथविधीला मागे उभा राहिलोय. मुख्य सचिव राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्याचं अधिपत्र वाचून दाखवतात, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती शपथ देतात, दरबार हॉल चिडीचूप असतो. आणि हे सगळं रद्द करायला दिल्लीहून एक फोन पुरतो. आपले राज्यपाल शंकरनारायणन यांचं आठवतं ना? केंद्रात सरकार बदललं आणि ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांची बदली मिझोरामला. राज्यपालाची बदली! तहसीलदाराची होते तशी. ते गेले नाहीत, राजीनामा दिला. सगळ्यांकडे ते धैर्य नसतं.

मी : २०१० मध्ये बी. पी. सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मनात आलं म्हणून राज्यपाल काढता येत नाही.

मामा : सांगितलंय. आणि चारच वर्षांनी शंकरनारायणन यांना काढलं नाही, हलवलं. घटनेने मुदतीची हमी दिली नाही, तोवर निकाल कागदावर. म्हणून म्हणतो, १५६ आधी दुरुस्त कर. पाच वर्षं पक्की, काढायचं तर राज्याच्या विधिमंडळात महाभियोगासारखी प्रक्रिया. पुंछी आयोगाने हेच सुचवलं होतं. भय गेलं की लोभाचं मी बघून घेईन.

मी : कसं बघाल? नोकरीची हमी मिळालेला माणूस बढतीची इच्छा सोडतो का?

मामा हसले नाहीत. त्यांनी उलट मला पुढे बोलायची खूण केली.

मी : नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेच्या बारा जागांसाठी नावं पाठवली. राज्यपाल कोश्यारी यांनी ना ती स्वीकारली, ना परत पाठवली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, आठ महिने पुरेसे आहेत. तरी जून २०२२ मध्ये सरकार गेलं तोवर फाईल तिथेच. कोश्यारी माजी मुख्यमंत्री. मंत्रिमंडळाची शिफारस अडून बसली की मुख्यमंत्र्याचं काय होतं, हे त्यांना माहीत होतं. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये एका पहाटे पावणेसहाच्या सुमारास राष्ट्रपती राजवट उठली आणि आठ वाजता शपथविधी. मे २०२३ मध्ये घटनापीठाने सांगितलं की जून २०२२ मध्ये बहुमत चाचणी घ्यायला सांगण्याइतका आधार राज्यपालांकडे नव्हता. तोवर ते राजभवन सोडून गेले होते. भय, लोभ, पक्षनिष्ठा, यातलं त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही आणि सांगणार नाही. मला एवढंच कळतं की पुढचं पद शक्य आहे तोवर प्रत्येक राज्यपालाबद्दल हा प्रश्न विचारला जाणार.

मामा : तुझा उपाय सांग.

मी : माझा नाही, घटनेतलाच आहे. कलम १४८ (४). भारताचे महालेखापरीक्षक निवृत्तीनंतर केंद्र किंवा राज्य सरकारचं कुठलंही पद घेऊ शकत नाहीत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांनाही कलम ३१९ प्रमाणे पुढची सरकारी नोकरी नाही. घटनाकारांना हे सुचलं होतं, मामा. हिशेब तपासणाऱ्याला पुढच्या पदाची आशा नसावी, परीक्षा घेणाऱ्याला नसावी. मग ज्याच्या एका सहीवर निवडून आलेलं सरकार राहतं किंवा जातं, त्याला का असावी? कलम १५८ म्हणतं, पदावर असताना दुसरं लाभाचं पद नको. पदावरून उतरल्यावर काय, याबद्दल घटना गप्प आहे. सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये हेच म्हटलं होतं. दुसऱ्यांदा राज्यपाल होणं सोडून पुढे सरकारी नेमणूक नको, पक्षीय राजकारणातही परतू नये.

मामा : अर्धं सांगितलंस. सरकारियांनी आणखी एक अपवाद ठेवला होता. उपराष्ट्रपती आणि राष्ट्रपती. त्या नेमणुका नाहीत, निवडणुका आहेत.

मी : आहेत. आणि त्या अपवादाशीच माझं वैर आहे. अपवाद लिहिला तेव्हा शर्मा आपल्या राजभवनातून उपराष्ट्रपती भवनात गेलेच होते. पण या निवडणुकीत मत कुणाचं असतं? उपराष्ट्रपतीसाठी फक्त खासदारांचं. सत्ताधारी पक्षाने नाव ठरवलं की निकाल जवळजवळ ठरतो. फुलपूरचा मतदार आणि हा मतदार एक नाही.

मामा : म्हणजे तुझा नियम असता, तर प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या नसत्या. जळगावची मुलगी, देशाची पहिली महिला राष्ट्रपती. द्रौपदी मुर्मूही नाहीत. संथाळ समाजातली बाई त्या पदावर बसली, ते तुला नको होतं?

हा घाव बसला. प्रतिभाताईंच्या शपथविधीच्या दिवशी आमच्या घरात पेढे वाटले होते.

मी : मला त्या दोघी त्या पदावर हव्या होत्या. आणि तरी म्हणते, राजभवनाच्या वाटेने नको. प्रतिभाताई महाराष्ट्रात मंत्री होत्या, विरोधी पक्षनेत्या होत्या, राज्यसभेच्या उपसभापती होत्या. मुर्मू ओडिशात आमदार होत्या, मंत्री होत्या. राज्यपाल न होताही त्या राष्ट्रपती होण्याच्या योग्यतेच्याच होत्या. नियम केला की त्याची किंमत असते, ती चांगल्या माणसांनाही द्यावी लागते. महालेखापरीक्षकही चांगलेच असतात की.

मामा : कायमची बंदी कोर्टात टिकेल, पण संसदेत पास होणार नाही. तिथे बसलेल्या प्रत्येकाला उद्याचं राजभवन दिसतं. पाच वर्षांची कर. एक लोकसभा मधे जाऊ दे. ज्या सरकारने नेमलं त्याला लोकांपुढे जावं लागेल, मग बक्षीस द्यायला तेच असेल याची खात्री नाही.

मी : पाच वर्षं थांबायची तयारी असलेले खूप आहेत.

मामा : सत्तरीतल्या माणसाला पाच वर्षं फार असतात, बाई. मला विचार. आण तो कागद. पण १५६ ची दुरुस्ती पहिल्या कलमात येईल आणि तुझी बंदी दुसऱ्या. हा क्रम मी बदलू देणार नाही.

मी कागद दिला. मुदतीची हमी आणि काढून टाकण्याची प्रक्रिया, हे पहिलं कलम मामांनी अर्ध्या तासात चोख उतरवलं, मंत्रालयातल्या जुन्या हाताने, समासासकट. दुसऱ्या कलमात वर्षांच्या आकड्याची जागा आम्ही मोकळी ठेवली आहे. त्यांचं म्हणणं पाच. माझं म्हणणं, तिथे आकडाच नको.